डोळे मिटून धरलेला नेम

विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत कॅरम हा बाप्यांचा खेळ. त्यांनी गॅलरीत दिवा टांगून डाव मांडायचे आणि बायकांनी चहा पोचवायचा. त्याच बोर्डावर माझ्या थोरल्या बहिणीने एका रविवारी सगळ्यांना धूळ चारली, तेव्हा एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. बाबा नुसते हसले आणि तिच्यासाठी कुठून तरी जुना बोर्ड घेऊन आले.

बाबा मोरिवलीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते विहारात श्वासावर लक्ष ठेवून बसायचे. तीच सवय त्यांनी ताईच्या खेळाला लावली. स्ट्रायकर मारण्याआधी डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा आणि सोंगटी पॉकेटमध्ये पडताना बघायची. "आधी आत बघ, मग मार. दिसली म्हणजे पडलीच," असं ते म्हणायचे. मी तिची नक्कल करून मार खाल्ला आहे. पण खरं सांगते, ते लागू पडायचं. ताई जिल्ह्यापर्यंत अशीच जिंकत गेली. समोरची बाई घामाघूम व्हायची आणि ही आपली शांत.

मुंबईतल्या एका ऑफिसात खेळाडूंची भरती होती. घराला त्या नोकरीची फार आशा होती. निवडीचे सामने तोंडावर आले आणि बाबांना कावीळ झाली. झाडपाल्यात दिवस घालवून शेवटी आम्ही त्यांना उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. ताई कॉटशेजारी डोळे मिटून बसायची. झोपली समजून मी एकदा हलवलं, तर चिडली.

"थांब ना गं. बाबा जिना चढतायत, हातात डबा आहे. दाराशी पोचू दे त्यांना."

बाबांना दारात आणलं ते ॲम्ब्युलन्समधून.

आईने तरीही तिला सामन्याला पाठवलं. मी सोबत होते. तिने स्ट्रायकर ठेवला, डोळे मिटले आणि ते उघडेचनात. पंचांनी हटकलं तेव्हा तिने कसाबसा फटका मारला. सोपी राणी पॉकेटच्या तोंडाशी अडकली. पुढचं सगळं ती उघड्या डोळ्यांनी खेळली आणि हरली.

लोक म्हणाले, दुःखात मन लागलं नसेल. मलाही तसंच वाटलं. घरी येताना ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी मला त्यांचा चेहराच दिसेना गं. नुसता डबा दिसत होता. मी नीट बघितलं असतं तर आले असते ते."

मी समजावलं, भांडले, रडले. बाबांनी तिला विश्वास ठेवायला शिकवलं होतं. तो कुठे थांबवायचा हे सांगायला ते राहिले नाहीत. "मनात आणलं की सगळं होतं," असं कुणी ऐटीत सांगितलं की माझं अजून डोकं फिरतं.

ताईने पुन्हा कॅरमला हात लावला नाही. ती अंबरनाथला पॅकिंगच्या कामाला लागली आणि लग्न होऊन बदलापूरला, कुळगावात गेली. काही वर्षांनी आई आजारी पडली आणि तिलाही हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ताईने तिचं सगळं केलं, पण कॉटशेजारी बसून ती डोळे मिटायची नाही. डुलकी लागली तरी दचकून उठायची.

आई बरी झाली. ती कठड्याला धरून जिना चढत होती आणि ताई वर दारात उभी होती. आई उंबऱ्याशी पोचली तशी ताई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"आईला तर मी डोळे मिटून एकदाही बघितलं नव्हतं गं," ती म्हणाली.

बोर्ड तोवर आम्ही कुणाला तरी देऊन टाकला होता.