देवरे सरांचा पेढा

आमच्या स्टाफरूममध्ये पेढे आले की देवरे सर एक पेढा उचलायचे, नाकाशी धरायचे, "खवा चांगला हाय" असा दाखला द्यायचे आणि तो माझ्यापुढे ठेवायचे. "तुम्ही खा, मॅडम. माझ्या पोरांचे येतील तेव्हा मी खाईन." मी वाणिज्य शिकवते. माझी मुलं बँकेत, दुकानात, कुठे ना कुठे चिकटायची आणि पेढे आणायची. नाशिकच्या त्या कॉलेजात सरांच्या वाट्याचे पेढे खाऊन माझी साखर वाढली.

सर सटाण्याकडचे. पर्यावरण आणि सांडपाण्याचा डिप्लोमा त्यांनीच हट्टाने सुरू केला होता. सुट्टीत मोटारसायकलवर गावोगाव फिरून त्यांनी मुलं गोळा केली. "उद्याचा धंदा हिरवाच राहणार. पाणी साफ करणाऱ्याला कारखाने हात जोडून बोलावतील," असं ते पालकांना छातीवर हात ठेवून सांगत. शिकवायचेही नाल्याच्या काठी उभं करून. मुलांनी बाटल्या आणि यंत्रं बाहेर काढली की ओरडायचे, "थांबा रे! आधी नाक, मग यंत्र. नाक कोणाच्या पगारावर नसतं."

कारखान्यांनी हात काही जोडले नाहीत. पहिली बॅच बाहेर पडली आणि घरी बसली. दुसरीचंही तेच. एकदा देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचा एक विद्यार्थी मोबाइलची कव्हरं विकताना दिसला, तर सर मला पिशव्यांसकट रस्त्यात सोडून एका गल्लीत घुसले. मी गाठलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "त्याच्या बापाला मी शब्द दिला होता, मॅडम. कुठल्या तोंडानं समोर जाऊ?" मी ते हसण्यावारी नेलं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्यांचा निफाडचा विद्यार्थी सागर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. सोबत नव्या साडीत त्याची आई होती. "सर, कारखान्यात लागलो. पर्यावरण अधिकारी!" त्या दिवशी सरांनी पेढा नाकाशी धरलाच नाही, सरळ तोंडात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते. मीही एक उचलला.

"काम काय करतो रे?" सरांनी भरल्या तोंडाने विचारलं.

"पाण्याचा रिपोर्ट, सर. बाहेरच्या गिऱ्हाइकांना हिरवी कंपनी पाहिजे ना! तुम्ही शिकवलेलं सगळं कामाला येतं. आधी नाल्यात बोअरचं साफ पाणी सोडायचं, मग नमुना भरायचा. रिपोर्ट एकदम क्लीन."

सर चावायचे थांबले. "आन् नाल्याला वास?"

"तो तर लय येतो. पण रिपोर्टात वासाचा रकाना कुठं असतो, सर?" सागर निर्मळ हसला. गुरूला आपलं कौतुक वाटेल, अशीच त्याची समजूत होती.

"तुमच्यामुळं लेकरू मार्गी लागलं," म्हणत त्याची आई सरांच्या पायाशी वाकली. सरांनी पाय झटकन मागे घेतले. पेढा थुंकावा तर त्या माउलीचा अपमान. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि पाणी मागितलं.

ती दोघं गेल्यावर मी म्हटलं, "त्याला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घर त्याच्यावर चाललंय." सर खाली बघून बोलत होते. "मोजायला मीच शिकवलं त्याला. मोजलेलं खरं सांगितलं तर नोकरी जाऊ शकते, हे नाही सांगितलं. सांगितलं असतं तर एक पोरगं वर्गात आलं नसतं, मॅडम. मला माहीत होतं ते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग बॉक्सचं झाकण लावत त्यांनी विचारलं, "आता सांगा, त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?"

माझ्या तोंडात दुसरा पेढा होता.