माझ्या डब्यातली कॅप्सूल

धाकट्या जावेला सुई सोसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती पडघ्याकडची. लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून दवाखान्यात शिरतानाच सांगायची, "सुई न्हाय हां, गोळी द्या." आम्ही हसायचो. मी शाळेत विज्ञान शिकवणारी, मी सगळ्यांत जास्त हसायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या घरामागे लूमचा खडखडाट दिवसभर चालायचा. एका दुपारी तिचा घसा धरला, ताप चढला. "दवाखान्यात जाऊ या का, ताई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कशाला? माझ्याकडे आहे की औषध!" उरलेल्या गोळ्या मी बिस्किटांच्या डब्यात साठवायचे. त्यात मुलीच्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल होत्या. ते पेनिसिलिनच्याच जातीचं औषध, पण मला मेलीला कुठलं माहीत! हिला सोसत नाही ती सुई, कॅप्सूलनं काय होतंय? मोठ्या तोऱ्यात दिली.

थोड्याच वेळात ती अंग खाजवायला लागली. मग ओठ सुजले, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेतलंय का?"

आणि मी गप्प. बाकावर माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया बसल्या होत्या. उद्या शाळेत तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात! तिचा जीव चाललेला आणि मी अब्रू सांभाळत उभी. शी! डॉक्टरांनी पुन्हा ओरडून विचारलं. तेव्हा तीच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मीच घेतली... ताईंच्या डब्यातली." मग कुठे मी औषधाचं नाव सांगितलं. त्यांनी ताबडतोब इंजेक्शन दिलं. हो, सुईच. त्या सुईनंच ती वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं: सुई असो, कॅप्सूल असो की सिरप, पेनिसिलिन आणि त्याच्या जातीचं काहीही चालायचं नाही. जाईल तिथे हे आधी सांगायचं, चिठ्ठी जवळ ठेवायची. चिठ्ठी जावेनं माझ्याकडूनच लिहून घेतली. "तुमचं अक्षर चांगलं हाय," म्हणाली.

ती चिठ्ठी अजून तिच्या पाकिटात असते. दाखवताना ती दरवेळी सांगते, "आमच्या ताईंनी लिहून दिलंय. त्यांनी येळेवर दवाखान्यात नेली, म्हणून वाचले मी." कॅप्सूल कुणी दिली, हे ती आजवर कुणाला बोललेली नाही. मीही नाही.