राक्षसाचा किल्ला आणि चुलतभावाचा बांध

चौथीनंतर माझ्यावाचून शाळेचं काही अडलं नाही आणि शाळेवाचून माझं. तरी दोन हजार सालानंतर कधीतरी मला कादंबरी लिहायची हुक्की आली. शिकवायला कोण होतं? मंचरच्या रद्दीवाल्याकडून जादूगार-राक्षसांच्या जाडजूड कादंबऱ्या किलोवर आणल्या आणि पाण्याची मोटार खोलतात तशा खोलून बसलो. राजपुत्र कितव्या पानावर घर सोडतो, म्हातारा साधू कधी मरतो, सगळीकडं पेन्सिलीनं खुणा. साधू बहुतेक मधोमध मरतो. तेवढंच त्याचं काम. ज्या गोष्टीत जादूनं वाटेल ते होतं, तिथं मला झोप लागे. कालव्याच्या पाण्यासारखी जादूलाही पाळी लावलेली असली की जाग राही. हे कुठल्या प्राध्यापकानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलंही नसतं.

असल्या कादंबरीला पुढं नकाशा असतो, हेही कळलं. नवे डोंगर, नवी नदी मी कुठून आणणार? निमगाव साव्याचं आमचंच शिवार उतरवलं, नावं तेवढी बदलली. राजपुत्राचं राज्य माझ्या वावरात, राक्षसाचा किल्ला शेजारी चुलतभावाच्या वावरात. तिथं तसंही काही उगवत नव्हतं.

कादंबरी झाली. आता कुणीतरी ती शेवटपर्यंत वाचावी, एवढीच भूक. बायको म्हणाली, "माझी शिरियल हाय." लेकानं पहिलं पान वाचून 'छान' म्हटलं, सुनेनं न वाचताच म्हटलं. एवढं कौतुक झाल्यावर वह्या ओट्यावर पडून राहिल्या. तिथं चुलतभावानं नकाशा पाहिला.

"राक्षस माझ्या रानात घातला व्हय?"

"गोष्टीतला हाय तो, भाऊ."

"राक्षसाचं काय न्हाई. बांध का सरकवला? माझी इहीर तुझ्या राज्यात कशी गेली?"

सातबारा सोडून जन्मात काही न वाचलेला माणूस. मी म्हटलं, "आधी सगळं वाच. मग खोडतो."

"मी? आन् वाचू?"

"नको वाचू. बांध तिथंच ऱ्हाईल."

वह्या काखेत मारून गेला. कांदा काढणीला आलेला, आणि हा विहिरीच्या कठड्यावर ओठ हलवत वाचतोय. त्याची बायको गावभर मला शिव्या देत फिरली. लेखकाला एवढी प्रसिद्धी पुष्कळ.

काढणी उरकल्यावर आला, तो भांडायलाच.

"एवढ्यात मारला? माझ्या रानात ऱ्हातो राव तो. जरा दमानं मारायचा."

बांधाचं तो साफ विसरला होता. मीही आठवण करून दिली नाही. नकाशा तसाच ठेवला. राक्षसाला मात्र आणखी चार प्रकरणं जगवलं.