विटकरी साडीत कोण आहे?

दत्तात्रय खळदकरांना कोणी वरचं दाखवलं की त्यांचा हात आपोआप खाली जायचा. मिठाईवाल्याने हंडीतला वरचा रसगुल्ला उचलला की हे लगेच, "वो नहीं दादा, नीचेवाला." खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या नोकरीत जन्म गेला होता. व्यापारी पुढे सरकवतो ते खोकं उघडायचं नाही, ढिगाच्या मधलं ओढून काढायचं, हा तिथला पहिला धडा. निवृत्तीनंतर गोदी सुटली, पण मधलं खोकं काही सुटलं नाही. त्यांची बायको वृंदा दुकानात मुद्दाम जरा लांब उभी राहायची, जणू हे गृहस्थ तिच्या ओळखीचेच नाहीत.

त्यांच्या डमडमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक अख्खी भिंत फोटोंची होती. मुलगा क्षितिज पदवीच्या झग्यात, मुलगी यामिनी नाचाच्या वेशात, गेलेला कुत्रासुद्धा चौकटीत ऐटीत बसलेला. वृंदा मात्र कुठेच नव्हती.

लग्नाच्या अल्बममध्ये होती, पण ती तिला स्वतःला मान्य नव्हती. वृंदा सावळी. कराडच्या फोटोवाल्याने नवरीला ब्रश मारून असं काही उजळवलं होतं, की मुंडावळ्यांखाली भलतीच मुलगी बसल्यासारखी दिसे. सासूबाई अल्बम चाळून म्हणाल्या होत्या, "चला, फोटोत तरी उजळली सून." वृंदा हसली होती. त्यानंतर घरातला कॅमेरा तिने आपल्याकडे घेतला तो घेतलाच. कॅमेरा धरणारीचा फोटो कोण काढणार?

मधे एकदा दत्तात्रयांनी तिचा एक फोटो नाक्यावरच्या स्टुडिओत छापायला दिला. तिथला बंगाली माणूस वहिनींवर उपकार केल्यासारखा म्हणाला, "बौदीको थोड़ा साफ कर दिया, दादा." तो फोटो वृंदाने डाळीच्या डब्याखाली कागद म्हणून घातला.

आणि या थंडीत गच्चीवर कपडे वाळत घालताना ती कशालातरी खळखळून हसली, अंगावर विटकरी इरकल, एक हात दोरीवर, आणि दत्तात्रयांनी फोनवर नेमकं तेच टिपलं. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"मग भिंतीवर लावू?"

"फोनमध्ये आहे मी. कागदावर येईपर्यंत राहीन का, ते बघा."

झालं! दत्तात्रयांनी ठरवलं, मध्ये दुसऱ्याचा हातच नको. फोटो छापायचा प्रिंटर घरीच आणायचा.

चांदनीच्या बाजारात पहिल्याच दुकानात त्यांच्यासमोर चकचकीत पोपटांचा फोटो आला.

"देखिए, कैसा कलर है!"

"ये ऊपर का डिब्बा है," दत्तात्रय म्हणाले. "मेरा फोटो निकालिए."

"दादा, तोते में सब कलर आ जाता है."

"मेरी बीवी तोता नहीं है."

त्यांनी फोन पुढे केला आणि पिशवीतून घडी घातलेली विटकरी साडी काढून काउंटरवर पसरली. दुकानदार साडीकडे बघतो, यांच्याकडे बघतो. पण छापून दिलं. यंत्रात काळी शाई वेगळी नव्हती, तीन रंग मिसळूनच काळं करायचं. वृंदाच्या केसांवर शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाक आली. दत्तात्रय पुढच्या दुकानात. तिथे त्यांनी ओला अंगठा फोटोच्या कोपऱ्यावर फिरवला, तर दोरीवरचा टॉवेल आकाशात पसरला. या गावच्या दमट हवेत असा फोटो पावसाळ्यापर्यंतही टिकला नसता. तिसऱ्या दुकानातले नंदीबाबू म्हातारे आणि सोशीक होते. त्यांनी न सांगता साडीचा पदर उजेडात धरला, शेजारी छापलेला कागद धरला. विटकरीला विटकरी. काठाला काठ. अंगठा फिरवला, काही हललं नाही.

"मिल गया!" दत्तात्रयांनी साडीची घडी केली आणि खोकं मांडीवर घेऊन, मेट्रोत कोणाचा धक्का लागू न देता, घर गाठलं.

संध्याकाळी यामिनी सॉल्ट लेकच्या ऑफिसातून आली, तेव्हा बाबा यंत्रासमोर आरती धरल्यासारखे उभे होते. कागद हळूहळू बाहेर आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून वृंदाला दिला.

वृंदाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"साडी हुबेहूब आलीय हो," ती म्हणाली. "आत कोण आहे?"

दत्तात्रयांनी कागद ओढून घेतला. चेहरा गुलाबी होता. स्वच्छ, गुळगुळीत, गुलाबी. त्यांनी घाईघाईने नंदीबाबूंच्या दुकानात काढलेली प्रत शोधली. तीही गुलाबी! सगळा वेळ त्यांनी काठ पाहिला होता, पदर पाहिला होता. चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

"आयुष्यभर माल तपासला," ते खुर्चीत बसत म्हणाले, "आणि आज…"

"साडी नेलीत," वृंदा म्हणाली, "मला नाही नेलं."

"तू आली असतीस?"

"विचारलं होतंत?"

यामिनी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. "बाबा, प्रिंटर वाईट नाहीये. याच्या अ‍ॅपमध्ये एक बटन आपोआप चालू असतं. फेस दिसला की ते स्वतःच ब्राइट करतं."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. ते असंच करतं."

"म्हणजे कराडचा फोटोवाला आत बसलाय!" वृंदा म्हणाली, आणि तिला हसू आलं. "बंद कर गं त्याला."

यामिनीने बटन बंद केलं. बाबा लगेच कागद सरकवणार, तर वृंदाने त्यांचा हात धरला. "आत्ता नाही. ट्यूबलाइटमध्ये काय कळणार? सकाळी काढा. मी बसते समोर."

सकाळी ती खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली. तीच साडी, पावडर नाही, काही नाही. दत्तात्रयांनी नवा फोटो तिच्या गालाशी धरला. मग कागदावरून तिच्याकडे, तिच्याकडून कागदावर. कपाळाची आठी आली होती. हनुवटीजवळचा तीळ आला होता. उन्हात तापलेला, तांब्याकडे झुकणारा तो रंगही आला होता. त्यांनी कागद खाली केला, तरी ते बघतच राहिले.

"काय हो? माल जप्त करायचाय का?"

"थांब, तपासणी चालू आहे."

"चहा निवतोय."

"निवू दे."

तिने त्यांच्या हातातून फोटो घेतला, स्वतः पाहिला आणि मान हलवली. दत्तात्रय उठले, भिंतीवर जागा शोधू लागले. कुत्र्याच्या खाली, कोपऱ्यात, विजेच्या बटणांच्या बोर्डाशेजारी थोडी जागा होती. तिला चालेल अशी, कोणाच्या फारशी नजरेत न येणारी. त्यांनी तिथे खिळा टेकवला.

"तिथे कुठे?" मागून आवाज आला. "क्षितिजला सरकवा जरा. दारातून आत येणाऱ्याला आधी मी दिसले पाहिजे."