जरा अतीच दाखवलंय

मी गाडी चालवायला शिकवतो. वीस वर्षांत शेकडो बायकांच्या हातात स्टिअरिंग दिलं, त्यामुळे बायकांच्या स्वातंत्र्यावर बोलायचा मक्ता आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. म्हणून ज्या सिनेमाची एवढी चर्चा चालली होती, त्याच्या दुपारच्या खेळाला मी बायकोला मोठ्या ऐटीत घेऊन गेलो.

नायिकेने नोकरी धरली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. ती एकटीच फिरायला निघाली तेव्हाही मान डोलावली. मग तिने अंथरुणात नवऱ्याला आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगितलं आणि मला खोकल्याची उबळ आली. शेजारी बायको पापणीही न हलवता बघत होती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चांगला आहे, पण जरा अतीच दाखवलंय."

"अती काय त्यात? तिने सांगितलं, त्याने ऐकलं."

"पण असं बोलून दाखवायचं म्हणजे..."

"तुम्ही कधी विचारलंत?"

भर चौकात शिकाऊ बाईने गाडी बंद पाडली तरी मी शांत असतो. तेव्हा मात्र माझी बोबडी वळली. वाटेत तीनदा घसा खाकरला आणि शेवटी आमच्या जिन्यात, कुलपाला किल्ली लावता लावता, विचारलं एकदाचं.

ती हसून म्हणाली, "अहो, आधी दार तर उघडा!"