आबा सरांचं एकच क्षेत्र

काही माणसांचे किस्से आठवावे लागतात, आबा सरांचे आवरावे लागतात. आचऱ्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले आणि त्यांनी विश्वाचं कोडं हातात घेतलं. त्यांची संध्याकाळ माझ्या किराणा दुकानाच्या बाकावर जाते, त्यामुळे गिऱ्हाईक साखरेबरोबर थोडं ब्रह्मांडही घेऊन जातं.

सरांचा सिद्धांत असा: विश्वात सुट्या वस्तू नाहीतच. सगळीकडे एकच क्षेत्र पसरलंय. कण म्हणजे त्यातली थरथर, तारे तीच थरथर आणि आपल्या मनातला विचारही तीच. एरवी मालवणी बोलणारे सर सिद्धांत मात्र शुद्ध मराठीत सांगतात.

आमचे हसनभाई होडीवाले. त्यांनी विचारलं, "सर, बांगडो पण थरथरच?"

"अर्थात."

"मगे जाळ्यात थरथर कशाक मेळना नाय? बांगडोच कशाक मेळता?"

सर काही दिवस फिरकलेच नाहीत. आले ते सिद्धांतात नवं प्रकरण घालून. नाव, 'हसनभाईंचा आक्षेप'. तेव्हापासून हसनभाई बाकावर जरा ऐसपैस बसतात.

सरांच्या घरी काकू आहेतच. सर जेवताना म्हणाले, "महास्फोटाच्या आधी काळच नव्हता."

"मगे सुख होता," काकू म्हणाल्या. "सारखी चाय मागूक कोण नाय."

एकदा काकूंनी सरांना चुलीवरच्या पेजेकडे लक्ष ठेवायला सांगितलं. सर बघत बसले आणि पेज उतू गेली. काकू कडाडल्या, "नुसता बघल्यान पण वस्तू बदलता, असा तुमचा विज्ञान सांगता ना? मगे ह्या काय?"

"बदलली मां," सर म्हणाले. "आदी टोपात होती."

थट्टा आम्ही खूप केली, पण सरांना एकच हवं होतं. प्रकाशनं एकदा 'पटलं' म्हणावं. प्रकाश आमच्याच वाडीतला, सरांचाच विद्यार्थी, आता पुण्यात भौतिकशास्त्राचा प्रोफेसर. सरांनी पाठवलेल्या लिखाणावर त्याचं दरवेळी एकच उत्तर यायचं: "सर, गणित कुठे आहे?"

यंदा तो जत्रेला आला. देवळातलं गाऱ्हाणं आटोपल्यावर तिथेच सरांचं भाषण व्हायचं ठरलं. गाऱ्हाणं म्हणजे एकानं सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दरवेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आम्हाला बोलता येऊ लागतं तेव्हापासून हे तोंडात बसलेलं असतं.

सर उभे राहिले, पुढच्या रांगेत प्रकाशला पाहिलं आणि त्यांना शब्दच फुटेना. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात गाऱ्हाणं घालणारे दाजी सरांशेजारी येऊन उभे राहिले. माझ्या बाकावर ऐकून ऐकून सिद्धांत त्यांनाही पाठ. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या विश्वात सगळा एकच क्षेत्र आसा, असा आमच्या सरांचा म्हणना आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"कण, तारे, आमी आनी हसनभायचो बांगडो, सगळी एकच थरथर आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर सरांका गणितात काय उणा पडला आसात, ता तू भरून काढ आनी सिद्धांत खरो कर..."

पुढच्या रांगेतून सगळ्यात मोठा आवाज आला. प्रोफेसर हात जोडून, डोळे मिटून म्हणत होते, "व्हय म्हाराजा!"