नळीचं दुसरं टोक

लाखांदूरच्या बसस्थानकावर नागपूरची एसटी लागली, तेव्हा बाबांनी घरून आणलेला झाकणाचा डबा उघडला आणि त्यातलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं. स्थानकावर नळ होता. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आपल्या विहिरीचं हाये. पुन्यापर्यंत पुरवजो."

"पोरगी नोकरीले चालली का वाळवंटात?" माय म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते, पण टोमणा मारल्याशिवाय तिला निरोप देता येत नसे.

पाणी नागपूरच्या आधीच संपलं. पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी रुजू झाले आणि नळाचं पाणी पिऊ लागले.

आमच्या दिघोरी गावात राहिलेल्यांना त्या विहिरीबद्दल सांगायची गरज नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांना मात्र सांगावं लागतं. गावाच्या विहिरीवर आमच्या माणसांनी दोर सोडायचा नाही, कोणी वरून ओतेल तेवढंच घ्यायचं, अशी रीत होती. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीने स्वतःची विहीर खणली. बाबा तेव्हा लहान होते, त्यांनी मातीच्या टोपल्या वाहिल्या. पहिलं पाणी गढूळ होतं, तरी सगळे ते प्याले, असं बाबा सांगायचे. आमच्या घरात पाणी सांडलं तर ओरडा बसायचा. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांड्यांचं पाणी वांग्यांना. मोरी बहुतेक कोरडीच असायची.

पुण्यात दाताच्या डॉक्टरांनी माझ्या दातांवरच्या तपकिरी रेघा पाहून विचारलं, "लहानपणी विहिरीचं पाणी प्यायलात का?" त्याच वर्षी गावात पाण्याची तपासणी झाली. विहिरीत फ्लोराइड जास्त निघालं आणि कठड्यावर लाल फुली मारली गेली. बाबांची पाठ तोवर ताठ झाली होती, गुडघे पुरते सरळ होत नव्हते. पवनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, झालेलं नुकसान भरून निघणार नाही, पण पाणी बदललं तर पुढचं थांबेल.

मी घरी विहिरीचंच पाणी टाकीत चढवून ते शुद्ध करणारं यंत्र बसवलं. बसवणाऱ्याने समजावून दिलं की एका नळीतून शुद्ध पाणी येतं, दुसरीतून टाकाऊ. काढून टाकलेलं सगळं त्या दुसरीत असतं, ती मोरीत सोडायची. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. फोनवर मी दर आठवड्याला विचारायचे, "मशीनचं पाणी घेता ना?" ते म्हणायचे, "घेऊन राहिलो ना, बाई." पण दुखणं वाढत गेलं. ते खाली बसून जेवायचे, आता खुर्ची लागू लागली. असं व्हायला नको होतं, असं पवनीचे डॉक्टर म्हणाले.

त्या सुमारास मी रविवारी सकाळी नवशिक्यांसाठी असलेल्या एका स्केचिंगच्या गटात जाऊ लागले. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्याच्या कामातून जरा सुटका, एवढाच हेतू होता. पहिल्या दिवशी आम्ही नदीकाठी बसलो. मी पूल काढला. शिकवणारे सर मागे येऊन उभे राहिले.

"झाडामागच्या कमानी तुम्हाला दिसतायत?"

"नाही. पण त्या आहेत."

"माहीत आहे ते काढू नका. दिसतं ते काढा. रेघ कुठे जाते ते डोळ्यांनी बघा आणि पेन्सिल तिच्यामागे न्या."

पुढच्या सुट्टीत वही घेऊन दिघोरीला गेले. दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून समोरचा कोपरा काढायला घेतला. ओटा, त्याच्यावरच्या भिंतीला यंत्र, यंत्रातून निघालेली पांढरी बारीक नळी. नळी मोरीत जाते हे मला माहीत होतं, म्हणून हात तिकडे वळू लागला. मग सरांचं ऐकून नुसतं पाहिलं. नळी ओट्याच्या कडेने खाली आली, मोरीला वळसा घालून पुढे गेली आणि बाबांच्या रांजणाच्या झाकणाखाली शिरली. रांजणावर त्यांचा पेला पालथा ठेवलेला होता.

पेन्सिल तिथेच थांबली. मी मायला हाक मारली.

"हे कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. चांगलं पानी पाहुन्याले, नातवंडाले, मले. तुये बाबा हे पितेत. मी बोलून थकली."

बाबा दारातच होते.

"अरे बापा, एक पेला देते अन् बादलीभर फेकते ते मशीन. कसं फेकू? दिसाले तर सारखंच हाये."

"बाबा, सगळं विष त्याच्यातच जातं."

"विष कायचं? आपल्याच विहिरीचं पानी हाये."

विहीर जेवढं देत होती त्यापेक्षा जास्त फ्लोराइड ते त्या नळीतून पीत होते. एक पेलाही मोरीत जाऊ नये म्हणून.

त्याच संध्याकाळी नळी मोरीत सोडली आणि रांजण रिकामा केला. बाबा बाहेर जाऊन बसले, पण पाणी ओतल्याचा आवाज अंगणापर्यंत जात होता. मायने त्या दिवशी टोमणा मारला नाही.

त्यानंतर ते यंत्राचंच पाणी पितात. उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. आता ते दारातल्या खुर्चीपर्यंत येतात, त्यापुढे नाही. विहिरीवर जाळी बसली आहे. कोपऱ्याचं चित्र वहीत अर्धंच आहे, नळीची रेघ रांजणाशी थांबलेली.

गेल्या खेपेला निघताना ते लाखांदूरला येऊ शकले नाहीत. खुर्चीतूनच त्यांनी माझी बाटली मागितली, मायकडून भरून घेतली आणि झाकण स्वतः घट्ट लावलं.

"मशीनचं हाये. भिऊ नोको."

नागपूर यायच्या आधी त्यातलं बहुतेक मी प्याले. त्याला चव नव्हती. पुण्यातल्या माझ्या घरी असतं तसंच पाणी होतं ते, आणि तेच मला त्यांच्यासाठी हवं होतं. रेल्वेत बाटली विसळायला बेसिनशी उभी राहिले. तळाशी घोटभर उरलं होतं. मागे लोक खोळंबले होते. मी झाकण लावलं आणि बाटली तशीच घेऊन जागेवर परत आले.